गरिबाघरचा सम्राट

ऑरियस हे सोन्याचं रोमन नाणं घ्यायची ऐपत नाही, पण घरात सम्राट तर हवा. अशांसाठी चौथ्या शतकातली रोमन काशाची चिल्लर आहे. एका पिझ्झ्याच्या पैशात कॉन्स्टंटाइन मिळतो, तोही नाकासकट. न धुतलेली ढेकळं घेतलीत तर आणखी स्वस्त. मग ती ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने मुरवायची आणि दातकोरणीनं माती उकरत बसायचं. माझ्या बरणीतून चार महिन्यांनी एक साफ गुळगुळीत चकती निघाली. "एवढ्या तेलात लोणचं तरी झालं असतं," ही म्हणाली.

जे वाचता येतं ते मात्र मोठं गमतीचं. सम्राट डायोक्लेशियननं 294 च्या सुमारास काढलेलं नाणं दहाएक ग्रॅमचं होतं. चाळीसेक वर्षांत त्याचे वारस दोन ग्रॅमच्याही खाली उतरले. 'सैन्याचा गौरव' मिरवणाऱ्या नाण्यावर आधी दोन शिपाई आणि मधे दोन निशाणं होती. 335 च्या सुमारास नाणं आकसलं आणि एक निशाण गेलं. शिपाई दोन्ही राहिले. कपात करताना माणसांना हात लावला नाही, एवढं कौतुक करायलाच हवं.

348 च्या आसपास नवी मालिका निघाली: 'सुखाचे दिवस परतले'. चित्रात काय, तर रोमन शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्यानं भोसकतोय! पुढच्या दहाएक वर्षांत हे सुखही इतकं बारीक झालं, की ती घोषणा वाचायला मला भिंग आणावं लागलं. भिंग नाण्यापेक्षा महाग पडलं.