चांदणे किती वेगाने पडावे : मेंडोलिन-संयोजकांसाठी मार्गदर्शन

पियानोची अभिजात रचना मेंडोलिनांच्या ताफ्यासाठी लिहिताना लय सर्वांत शेवटी ठरवावी, मात्र सर्वांत आधी ठरवल्याचा आव आणावा. सरावासाठी बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाट्याचा पहिला भाग घ्या. तो सर्वांनी ऐकलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाचे मत तयार असते आणि तुमच्या मताची गरज कुणालाच नसते.

आधी मूळ प्रत बघावी. तिथे ‘अदाज्यो सोस्तेनुतो’ असा आदेश आहे, म्हणजे संथ आणि सूर धरून. आकडा कुठेही नाही. सोनाटा १८०१चा, आणि मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले १८१५ साली. पुढे बीथोव्हनच्या हाती ते यंत्र आले, तरी बत्तीस सोनाट्यांपैकी एकावरच त्याने आकडे घातले, ऑपस १०६वर. त्याच्या पहिल्या भागाचा आकडा इतका वेगवान आहे की पियानोवादक आजही तो न पाळण्याची कारणे शोधत असतात. बाकीच्या एकतीसांबद्दल आभार मानून पुढे जावे.

आता खरा प्रश्न. पियानोची चावी दाबून ठेवली की सूर काही काळ टिकतो. मेंडोलिनची तार छेडली की तो लगेच मावळू लागतो. मुंबईत संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यातून मींड काढून दाखवली होती, पण ही गोष्ट तालमीत काढू नये. वादक उगाच स्वतःकडे आशेने पाहू लागतात. आपल्यासारख्यांसाठी ट्रेमोलो आहे : पिक खाली-वर, खाली-वर, ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटेपर्यंत.

आणि लय इथेच ठरते. या भागात एका ठोक्यात तीन स्वर झुलत राहतात. ट्रेमोलो त्यांच्यात नेमका बसवायचा, तर प्रत्येक स्वरामागे चार आघात, म्हणजे ठोक्याला बारा. मिनिटाला ४० ठोके ठेवले तर सेकंदाला आठच आघात पडतात आणि चांदण्याऐवजी पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. ६६ ठेवले तर सेकंदाला तेराहून अधिक. पहिल्या पानावर हे शौर्य वाटते, दुसऱ्या पानावर मनगट राजीनामा देते. ५४ला मात्र जवळपास अकरा पडतात आणि सगळ्यांचे चेहरे शांत राहतात. गंमत म्हणजे बीथोव्हनचा शिष्य चेर्नी यानेही या भागासाठी ५४च सुचवले होते. त्याने मनगटाचा विचार केला होता असे नाही, पण तालमीत चेर्नीचेच नाव घ्यावे. ‘मनगट दुखते’ या कारणाला इतिहासाचे वजन नसते.

तरीही भांडण होईलच. पहिल्या मेंडोलिनांना तीन ठोक्यांचा लांब सूर थरथरवत धरायचा असतो. ५४ला तो सव्वातीन सेकंदांहून जास्त चालतो, ४०ला साडेचार. त्यामुळे ते जलद लयीच्या बाजूने असतात आणि सुरुवातीच्या उभी रेघ मारलेल्या ‘सी’कडे बोट दाखवतात : मोजणी चारात नाही, दोनात आहे! त्यांचे म्हणणे बरोबर आहे, हेतू मात्र संगीताचा नाही. ताफ्यातल्या गिटारवाल्यांना संथ हवे असते, कारण त्यांना त्यात काही त्रास नसतो. मेंडोचेलोवाला खालचा स्वर एकदा छेडून मोकळा होतो. त्याचे मत विचारू नये.

सुरेल भाग सुरू होताच एक छोटा स्वर तिसऱ्या झुलत्या स्वराच्या किंचित मागून यायचा असतो. ५४ला हे अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी. एकटा पियानोवादक ते दोन हातांत सांभाळतो. बारा जण मिळून सांभाळू लागले की बारा अंतरे होतात. यावर उपाय लयीत नाही, बारा जणांत आहे.

बीथोव्हनने हा भाग पेडल न सोडता वाजवायला सांगितले. त्याच्या काळच्या पियानोवर सूर लवकर ओसरायचा, म्हणून ते चालून गेले. आजच्या मोठ्या पियानोवर सगळे एकमेकांत मिसळते आणि वादकाला चोरून पाय उचलावा लागतो. म्हणजे सूर न टिकणे, ही तुमच्या वाद्याची जुनी बदनामी, इथे उपयोगी पडते. सी शार्प मायनर सोडून अर्धा स्वर वर, डी मायनरमध्ये या. डी आणि ए या मोकळ्या तारा आपोआप घुमतील आणि ५४ थोडे खाली, ५२पर्यंतही आणता येईल. मूळ स्वराची खोली गेली अशी कुणी तक्रार केली, तर त्याच्या हातात मेंडोलिन द्यावे आणि सी शार्प मायनरच वाजवायला सांगावे.

शेवटच्या भागावर ‘प्रेस्तो आजितातो’ लिहिले आहे. पियानोवर चढत जाणारे ते स्वर पाच बोटांत वाटून घेता येतात. इथे उजव्या बाजूला एकच मनगट, आणि दर एक-दोन स्वरांनी नवी जोडतार. मिनिटाला १६० ठोके धरले तरी सेकंदाला दहाहून जास्त स्वर होतात. याची लय ठरवण्याची पद्धत सोपी आहे : कार्यक्रमपत्रिकेत पहिला भागच छापावा आणि त्यानंतर लगेच चहाची सुट्टी ठेवावी.