कॉम्प्युटरवाले सर

शिरूर असो की दौंड, एसटी स्टँडच्या आसपास एखाद्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे सर सापडतातच. त्यांचं नाव फक्त पावतीपुस्तकावर असतं, गावाला ते 'कॉम्प्युटरवाले सर'. 2001 साली एमकेसीएल या कंपनीने हा कोर्स आणला, सरकारी भरतीच्या जाहिरातींत त्याचं प्रमाणपत्र मागू लागले आणि तालुक्या-तालुक्यांत ही जमात उगवली. बऱ्याच जणांचं मूळ शोधलं तर टायपिंग क्लासात सापडतं.

लॅबच्या दाराशी चपलांचा ढीग. आत पाटी, 'चप्पल बाहेर काढावी, व्हायरसपासून सावध'. व्हायरस हा एक प्रोग्राम असतो, तो पेनड्राइव्हमधून शिरतो, चपलेतून नाही, हे सर स्वतःच पहिल्या तासाला शिकवतात. तरी पाटी जागेवर, कारण फरशी पुसणारेही सरच.

"सीपीयू दाखव." पोरगं टेबलाखालच्या डब्याकडे बोट करतं. "चूक! तो कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली बसलेली चिप. सगळा हिशेब ती करते. परीक्षेत डबा दाखवलास तर मार्क गेला!" आणि लगेच मदतनिसाकडे वळून, "अरे, चार नंबरचा सीपीयू पुसून घे, किती धूळ बसलीय!"

मग सामुदायिक पठण. आठ बिटांचा एक बाइट, 1024 बाइटांचा एक केबी. मागच्या बाकावरून शंका येते, "सर, सरळ हजार का नाही?" सर खूश होतात. "मशीनला शून्य आणि एक, एवढंच कळतं. एकाची दहा वेळा दुप्पट कर, बघ किती येतात." वर्ग बोटांवर मोजू लागतो. तेवढ्यात सर चहा पिऊन येतात.

रॅम शिकवायला फळा लागत नाही, लाइट गेली की भागतं. एका ताईचा बायोडाटा 'आवड : वाचन' इथपर्यंत आलेला असतो आणि स्क्रीन काळी होते. सर अंधारातून बोलतात, "गेलं ते रॅममध्ये होतं. लाइट गेली की रॅम कोरी. सेव्ह केलं असतंस तर हार्ड डिस्कवर राहिलं असतं." त्यानंतर ती बॅच 'कंट्रोल एस' जन्मात विसरत नाही. यूपीएसची बॅटरी सर मुद्दाम बदलत नाहीत, अशी गावात वदंता आहे.

दोन्ही गावच्या सरांत फरक एवढाच की शिरूरच्या बॅचा रांजणगाव एमआयडीसीच्या शिफ्टवर चालतात आणि दौंडच्या पुण्याच्या गाड्यांवर. शिरूरला पोरांना कंपनीच्या स्टोअरसाठी एक्सेल हवं असतं. दौंडच्या पोरांना रेल्वे भरतीची परीक्षा द्यायची असते आणि ती कॉम्प्युटरवर. त्यामुळे तिथले सर दिवसभर एकच सांगत असतात, "माउस उचलू नको रे बाबा, सरकव!"

सरांची खरी परीक्षा मात्र फॉर्मच्या शेवटच्या तारखेला. रात्रीचे साडेदहा, साइट हँग, जिन्यापर्यंत रांग. फोटो 50 केबीच्या आत हवा आणि पोराने मोबाइलवरून आणलेला चार एमबीचा. सकाळी घोकलेला केबी आता त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतो. सर फोटो लहान करतात, सही स्कॅन करतात, 'सबमिट' दाबतात आणि चक्र फिरताना कोणाला हलूही देत नाहीत. पावणेबाराला फॉर्म जातो.

प्रिंट हातात घेत पोराची आई विचारते, "सर, लागंल का वो नोकरी?"

"मावशी, ते आपल्या हातात नाही," सर ड्रॉवर उघडत म्हणतात. "पण लागलीच तर एमएस-सीआयटी मागतील. उद्यापासून नवी बॅच आहे. पावती फाडू का?"