गाण्यापुरता संसार

शेजारच्या नवराबायकोचं भांडण फुकटात ऐकायला मिळतं. अमेरिकेतले लोक मात्र १९७०च्या दशकात तेच पैसे मोजून ऐकत होते. लोरेटा लिन आणि कॉन्वे ट्विटी यांच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. १९७१ ते १९७५ या काळात ओळीनं पाच युगुलगीतं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पहिल्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं. गंमत अशी, की हे दोघे एकमेकांचे कोणीच नव्हते. तिचा नवरा वेगळा, त्याचं घर वेगळं. तरी श्रोत्यांची खात्री, की यांचं लग्न झालेलंच असणार. नाहीतर इतकं मनापासून कोण भांडतं?

लोरेटा केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, आणि विशी गाठेपर्यंत पदरात पोरं. नवऱ्यानंच गिटार आणून दिली, तिला पुढं ढकललं, आणि त्याच नवऱ्याच्या पिण्यावर तिनं गाणी रचली. तिच्या खऱ्या संसारातली कुरकुर अशी तिच्या एकटीच्या गाण्यांत गेली. कॉन्वेच्या वाट्याला आली ती गोडीची भांडणं. तो तसा मिसिसिपीचा हॅरोल्ड जेन्किन्स. आर्कान्सामधलं कॉन्वे आणि टेक्सासमधलं ट्विटी ही दोन गावं जोडून त्यानं स्वतःचं बारसं करून घेतलं होतं. ज्याला नावसुद्धा दोन ठिकाणांहून आणून जुळवता आलं, त्याला सूर जुळवणं काय जड जाणार!

१९७४ सालच्या एका गाण्यात तो गातच नाही. ती गाते, आणि तो टेलिफोनच्या पलीकडून नुसता बोलतो. आवाजही तसाच, तारेतून आल्यासारखा बारीक. सोडून चाललोय हे सांगायला त्यानं फोन केलाय, आणि हिचं लक्ष भलतीकडेच. ऐकणाऱ्याला वाटतं, आता आपणच मध्ये पडून हिला सांगावं. पुरुषानं गाण्यातसुद्धा मोजकंच बोलावं आणि तेही चुकीचं, हे निरीक्षण मला फार अचूक वाटतं.

पण माझं लाडकं गाणं १९७८चं, ‘यू आर द रीझन अवर किड्स आर अग्ली’. पोरं कुरूप निघाली त्याचं खापर कोणावर फोडायचं, हा वाद. जरा कुठं पैसा हाताशी येतो, तोवर घरात आणखी एक खाणारं तोंड हजर. यात तिचं रूप आणि बांधा गेला, तर त्याच्या डोक्यावरचे केस. (हे म्हणणाऱ्या ट्विटीचा भांग मात्र जागच्या जागी, चांगला फुगवलेला.) सूर संपले तरी वाद मिटत नाही, दोघं साध्या बोलण्यात पुढं चालू. सोयरिकीपासून चालत आलेला ‘तुमच्याकडचं नाक’ हा विषय केंटकीतही इतका जिवंत असेल, असं वाटलं नव्हतं.

याच सुमाराला खरोखर नवराबायको असलेली एक जोडीही गात होती, जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट. ‘आपण टिकून राहू’ अशा आशयाचं त्यांचं गाणं १९७३मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १९७५मध्ये घटस्फोट झाला. पुढच्याच वर्षी दोघांनी ‘गोल्डन रिंग’ गायलं. शिकागोतल्या गहाणवटीच्या दुकानातून घेतलेली अंगठी लग्नात बोटात चढते, आणि संसार मोडल्यावर परत दुकानात येते. हेही पहिल्या क्रमांकावर! काडीमोड झाल्यावर सूर बिघडले नाहीत, उलट धंदा नीट चालला.

लोरेटा आणि कॉन्वेचं जमलं ते बहुधा यामुळेच, की गाणं संपलं की ज्याचं त्याचं वीजबिल ज्याच्या त्याच्या घरी. भांडायचं ते मजकूर लिहून, ताल धरून, तीन मिनिटांत. आणि वर सलग चार वर्षं सर्वोत्कृष्ट जोडीचा पुरस्कार! आमच्या इमारतीत काही जोडपी याच्या कितीतरी पट तयारीची आहेत, पण त्यांना तीन मिनिटांत आवरायला कोण सांगणार?