तारेचं दुसरं टोक

अमेरिकेतल्या कंट्रोल-लाइन विमानांच्या कसरतींत एक जुना दंडक आहे: विमान ज्यानं उडवायचं, त्यानंच ते बांधलेलं असलं पाहिजे. इंडियाना राज्यातल्या मन्सी या गावी राष्ट्रीय स्पर्धा भरते, तिथे आधी सगळी विमानं ओळीनं मांडतात आणि नुसत्या देखणेपणाला २० पर्यंत गुण देतात. हे गुण बांधणाऱ्याचे. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, न्यू जर्सीतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये अशी विमानं बांधतात आणि कुणीही विचारलं की छातीवर हात ठेवून सांगतात, "सगळं या दोन हातांचं." माझं त्यावर काहीच म्हणणं नाही. पंखाच्या पोटातला थर्माकोल कापताना तारेचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, हे मन्सीत कुणी विचारत नाही, एवढंच.

ही विमानं रिमोटवर उडत नाहीत. विमानातून निघालेल्या दोन पोलादी तारा, जाडीला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, उडवणाऱ्याच्या मुठीतल्या हँडलला बांधलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्यांची लांबी जास्तीत जास्त २१.५ मीटर. माणूस मधोमध उभा आणि विमान त्याच्याभोवती ताशी ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरनं गरगरतंय, सव्वापाच सेकंदांत एक फेरी. मूठ वर कलली की विमान चढतं, खाली कलली की उतरतं. एवढ्याच भांडवलावर गोल गिरक्या, चौकोनी गिरक्या, उताणं उड्डाण, उभे-आडवे आठाचे आकडे, चार पाकळ्यांचं फूल, सगळं काढायचं. आणि आकृतीचा तळ जमिनीपासून १.५ मीटरवर यायला हवा. माझी उंची त्याहून जास्त असल्यामुळे मी वर्तुळाच्या बऱ्याच बाहेर उभा राहतो. "चक्कर नाही येत?" असं मी भाऊजींना एकदा विचारलं होतं. "फक्त विमानाकडे बघायचं. मागे काय चाललंय तिकडे लक्षच द्यायचं नाही," ते म्हणाले. घरातही ते हेच करतात, असं ताईचं मत आहे.

कसरतीच्या विमानाला पाठ आणि पोट असा भेद परवडत नाही. अर्धा वेळ ते उताणंच असतं. म्हणून पंखाला वरून जेवढा फुगवटा, तेवढाच खालून. डावं-उजवं मात्र सारखं नसतं. बाहेरचा पंख मोठ्या वर्तुळात धावतो, त्यामुळे त्याला उचलही जास्त मिळते; म्हणून आतला पंख बऱ्याचदा किंचित लांब ठेवतात. शिवाय आतल्या बाजूला तारांचं ओझं, तर त्याच्या तोलाला बाहेरच्या टोकात थोडं शिसं. म्हणजे मुळातच हिशेबानं लंगडं केलेलं विमान नीट चालवून दाखवायचं. त्यात पंखाला मिलिमीटरभर जरी पीळ राहिला तरी चौकोनी गिरकीच्या कोपऱ्यावर विमान एक खांदा पाडतं, आणि पंचांना नेमकं तेच दिसतं.

असा पंख करायची जुनी रीत म्हणजे बाल्साच्या फासळ्या एकेक कापून, ओवून, चिकटवून सांगाडा उभा करायचा. दुसरी रीत थर्माकोलची. भाऊजी दुसऱ्या पंथाचे. त्यांचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं आणि तापल्या तारेवरचा त्यांचा हात तिथल्या गणपतीच्या मखरांवर बसलेला. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, मखरं पुठ्ठ्याकापडाची झाली, ते योग्यच झालं. नदीनाल्यांत तरंगणारे ते पांढरे खांब आणि महिरपी मीही पाहिल्यात. पण बंदीची बातमी कळली त्या रात्री भाऊजी जेवताना गप्प होते. ज्या विद्येत आपण तरबेज, ती गावातून उठली, याचं वाईट वाटायला मखर प्रदूषण करत नव्हतं असं म्हणण्याची गरज नसते.

विमानाला लागतो तो थर्माकोल घनमीटरला साधारण १६ किलो वजनाचा. त्यात ९८ टक्के हवाच असते. दीड मीटर लांबीच्या दोन्ही पंखांतला मिळून तो भरतो पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. दुकानातून आणलेला केवढा तरी ठोकळा गाडीत मावत नाही म्हणून छतावर बांधून आणायचा आणि त्यातून एवढंसं निघायचं, हे ताईला अजून पटलेलं नाही.

आधी फर्मे. पंखाच्या मुळाशी जो आडवा छेद दिसेल त्याचा एक, टोकाशी दिसेल त्याचा दुसरा. ते सनमायकाचे करतात, कारण सनमायका उष्णतेला दाद देत नाही आणि तिची कड गुळगुळीत होते. गुळगुळीत म्हणजे किती, तर बारीक पॉलिश पेपर मारून झाल्यावर भाऊजी त्या कडेवर पेन्सिलीचं शिसं घासतात आणि डोळे मिटून नख फिरवतात. कडेला नखाएवढी खाच राहिली तर तार तिथे अडखळते आणि तो अडखळल्याचा वळ सबंध पंखावर उठतो. मग दोन्ही फर्म्यांवर पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंत एक ते दहा आकडे. मुळाचा फर्मा लांब, टोकाचा आखूड, पण आकडे दोन्हीवर दहाच. फर्मे ठोकळ्याच्या दोन अंगांना टाचण्यांनी पक्के करायचे, लाकडी कमानीला ताणलेल्या नायक्रोमच्या तारेत ट्रान्सफॉर्मरमधून बेताची वीज सोडायची, आणि दोघांनी दोन बाजूंनी तार फर्म्यावरून ओढत न्यायची.

इथे माझा प्रवेश. मला कायम टोकाची बाजू. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांइतकाच आमचा त्या मंगलकार्याशी संबंध: दोन टोकं धरायची, सरळ धरायची, आणि मध्ये जे घडतं ते आपलं नव्हे. फरक इतकाच, की अंतरपाटवाल्यांना चालावं लागत नाही. आम्हाला चालावं लागतं, तेही वेगवेगळ्या चालीनं आणि एकाच वेळी पोचायचं. भाऊजींच्या बाजूला दोन आकड्यांत तीन बोटांचं अंतर, माझ्या बाजूला दोन बोटांचं. त्यांनी त्यांच्या वेगानं ओढायचं, मी अडवून अडवून ओढायचं. वेगात ओढणं कुणालाही जमतं. माझं काम थांबल्यासारखं दिसायचं पण थांबायचं नाही, असं आहे. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढल्यामुळे ते मला बरं जमतं, हे भाऊजींचं प्रशस्तिपत्र.

"एक," भाऊजी म्हणतात.

"एक."

"दोन."

"दोन."

"चार. अरे, चार म्हणजे चारच. साडेचार नव्हे."

"भाऊजी, तुम्हीच साडेतीनवर आहात."

यावर वाद घालता येत नाही, कारण तार तापलेली असते. एक जण क्षणभर रेंगाळला की तिथला थर्माकोल वितळून खड्डा पडतो. घाई केली तर टोकं पुढे जातात आणि तारेचा मधला भाग पोटात मागेच लोंबत राहतो. मग वरून छान दिसणारा पंख मध्ये बारीक होतो. अशा ऐन वेळी जिन्यावरून ताईचा आवाज येतो, "अहो, चहा टाकू का?"

"सहा!" भाऊजी ओरडतात.

"सहा कप?"

"सात!"

पुढचं संभाषण मी टिपून ठेवलेलं नाही. पण दहावर पोचल्यावर लगेच तार काढायची नसते. दोघांनी जागच्या जागी थांबायचं आणि मागे राहिलेला मधला भाग येऊन मिळेपर्यंत श्वास धरायचा. ठोकळ्यातून तार मोकळी झाली की हाताला कळतं, एकदम ओझं गेल्यासारखं. मग असाच खालच्या अंगानं दुसरा काप. तापमान बरोबर साधलेलं असेल तर कापल्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक केस उमटतात. ते दिसले की भाऊजी काही बोलत नाहीत, नुसता हात फिरवून ते झटकतात. ही त्यांची शाबासकी. केस नसले तर तार जास्त तापली होती असं समजायचं आणि दोष विजेला द्यायचा.

हे काम एकट्यानं करायचीही सोय असते. दोऱ्या, कप्प्या आणि वजनं लावून तार आपोआप ओढली जाते, आणि दोन्ही टोकांना वेगवेगळा वेग देता येतो. भाऊजींनी असं यंत्र स्वतः केलंय. ते माझ्यापेक्षा चांगलं कापतं, हेही त्यांनीच सांगितलं. तरी मी तिकडे गेलो की ठोकळा माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. मी कारण विचारलेलं नाही.

कापून उरलेली वरची-खालची खोकी फेकायची नसतात. पंखाला त्याच आकाराची गादी दुसरीकडे कुठून मिळणार? गाभ्यावर १.५ मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या पातळ फळ्या डकवायच्या असतात. बाल्सा येतो मुख्यतः इक्वादोरहून. १९४७ साली थोर हायरडालनं पेरूहून पॉलिनेशियापर्यंत नेलेला कोन-टिकी तराफा याच झाडाच्या ओंडक्यांचा होता. डकवायला इपॉक्सी, तीही जुन्या क्रेडिट कार्डानं जवळजवळ सगळी खरवडून काढायची, कारण प्रत्येक थेंबाला वजन आहे. पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोनसारखे द्रव असलेला कुठलाही गोंद थर्माकोलला चालत नाही. तो थर्माकोल खाऊन टाकतो, आणि वरची फळी शाबूत राहत असल्यानं पत्ता सकाळी लागतो.

मग फळी डकवलेला पंख त्या खोक्यांमध्ये ठेवायचा, सगळं एका सपाट दारावर मांडायचं (दार खरंच दार आहे, बिजागऱ्यांशिवाय विकत आणलेलं) आणि वरून रात्रभर वजन. भाऊजींकडे या कामाला मराठी विश्वकोश आहे. एके काळी हौसेनं भारतातून मागवलेला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्ञानाचा भार मराठीवर ठेवला, तो भार भाऊजी दोन्ही पंखांवर समसमान पडेल असा वाटतात. त्यासाठी त्यांनी खंड काट्यावर तोलून पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं ग्रॅम लिहिलेत. माझ्या माहितीत विश्वकोशाचा इतका बारकाईनं अभ्यास दुसऱ्या कुणी केलेला नाही.

यानंतर तारा जिथे जोडतात त्या बेलक्रँकसाठी खाच, पीळ मोजणं, पॉलिश पेपर, रंग, पुन्हा पॉलिश पेपर. यात महिने जातात आणि त्यात माझा सहभाग नाही. रंग चढला की आत थर्माकोल आहे की फासळ्या, हे बघून सांगता येत नाही. तरी पंथाचे झगडे आहेतच. फासळीवाले म्हणतात, थर्माकोलचा पंख जड होतो. थर्माकोलवाले म्हणतात, तुमचा वाकडा होतो. या वादाला बॉब हंट या माणसानं मजेदार वळण दिलं. १९७८ साली इंग्लंडमध्ये वुडवेलला या खेळाचं जगज्जेतेपद मिळवलेला हा गृहस्थ थर्माकोलच्या पंखांसाठी नावाजलेला. त्यानंच पुढे अशी रीत रुळवली की थर्माकोल कापायचा, पण फक्त साचा म्हणून. त्यात फासळ्यांचा पंख सरळ जुळवायचा आणि थर्माकोल काढून घ्यायचा. दोन्ही पंथांनी त्याला आपला मानावं किंवा दोघांनी वाळीत टाकावं, अशी ही सोय.

दुसरा झगडा दंडकाचा. गाभे दुसऱ्याकडून कापून घेतले तर विमान "स्वतः बांधलेलं" राहतं का? यावर तिथली मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. माझं मत साधं आहे. गाभा कोणी कापला यानं फरक पडत नाही. तो सरळ ठेवण्याची सगळी जोखीम नंतरच्या महिन्यांत असते आणि ती ज्याची, विमान त्याचं. भाऊजींच्या विमानाचे २० पैकी जे काही गुण असतील ते भाऊजींचेच.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल आणि तो "पाचच मिनिटं ये, जरा एक टोक धर" म्हणाला, तर जरूर जा. आधी खिडकी उघडी आणि पंखा चालू आहे ना ते बघा, कारण वितळत्या थर्माकोलचा धूर छातीला बरा नाही. मोबाइल बाहेर ठेवा. आणि घरात किती कप चहा लागेल ते तार तापण्यापूर्वी सांगून ठेवा.