घाटाखालचे पायलट

खारं पाणी मोटारी खातं आणि त्या मोटारींवर पायलटभाऊंचं घर चालतं. संग्रामपूर तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी पिकाला जेमतेम चालतं, पंपाला तर सोसतच नाही. त्यात शेताची वीज बऱ्याचदा रात्रीची. मध्येच एक फेज गेली की सबमर्सिबल जळालीच. मग वरवट बकालच्या रस्त्यावर भाऊंच्या दुकानापुढे ट्रॉलीतून मोटारी उतरतात. भाऊ मोटर लगेच उघडत नाहीत. आधी नाक जवळ नेऊन वास घेतात, मालकाकडे बघतात आणि विचारतात, "ऑटो लावून झोपला होता ना?" मालक मान खाली घालतो. वायंडिंगच्या धंद्यात इतका दरारा कोणी कमावला असेल असं मला वाटत नाही.

"मले माहीत नाई" हे तीन शब्द भाऊंच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेले नाहीत. सोयाबीनचा भाव, पोराच्या पोटातला जंत, शेगावच्या गाडीची वेळ, कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. ते चुकीचं निघालं तरी चूक निघायला चार-सहा महिने लागतात आणि तोवर विषय बदललेला असतो. त्यांचे नादही असेच बदलत आले. हार्मोनियम आणली तेव्हा गाव त्यांना 'बुवा' म्हणे. नंतर उबवणीची पेटी बनवली. तिच्यातून पिल्लं निघाली नाहीत, वास मात्र निघाला, आणि वर्षभर ते 'अंडेवाले भाऊ' होते. 'पायलट' हे त्यांचं सध्याचं नाव. हे बाकीच्या नावांपेक्षा जास्त टिकलंय, कारण या वेळी भाऊंची गाठ उशिरा उत्तर देणाऱ्या वस्तूशी नव्हती.

सुरुवात एका निवडणुकीत झाली. तालुक्यात कोणाचं तरी हेलिकॉप्टर उतरणार होतं. टँकरने पाणी मारून धूळ बसवली होती, चुन्याने मोठा एच काढला होता, तरी उतरताना मंडपाच्या दोन कनाती उडाल्याच. लोक पुढाऱ्याकडे बघत होते. भाऊ पात्यांच्या मुळाशी असलेल्या त्या गुंतागुंतीच्या मुंडक्याकडे. त्या दिवसाबद्दल विचारलं की ते सांगतात, "पायलटसोबत बोलनं झालं ना आपलं." मी तिथे होतो. पूर्ण संभाषण "मागे व्हा" एवढंच होतं, आणि तेही पायलट बोलला नव्हता, पोलीस बोलला होता.

आधी त्यांनी जत्रेतलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर आणलं. एकावर एक अशी दोन पाती, उलटसुलट फिरणारी, म्हणून ते बऱ्यापैकी सरळ उभं राही. पण त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांवर चालणारा. एप्रिलच्या वऱ्हाडी उन्हात तेच किरण आभाळातून इतके कोसळतात की हेलिकॉप्टरला भाऊंचा हुकूम ऐकूच जाईना. रात्री ओसरीत मात्र ते शहाण्यासारखं उडे. भाऊंनी निदान केलं, "चायनाचा माल हाय, उन्हाची सवय नाई त्याले." आणि खऱ्या हेलिकॉप्टरचा शोध सुरू झाला.

ते पुण्याहून आलं. विकणाऱ्याने कारण दिलं होतं, लग्न ठरल्यामुळे. भाऊंच्या पत्नीने हे वाचून एवढंच म्हटलं, "त्या पोरीनं तरी येळेवर पाह्यलं."

साडेचारशेच्या वर्गातलं यंत्र. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास पाऊण मीटरच्या आतबाहेर, आणि पाती मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेणार. हिशोब केला तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातं. बॅटरी अकरा व्होल्टची, उडणार पाच-सहा मिनिटं, चार्ज व्हायला तासभर. वीज नसेल तेव्हा भाऊ ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्ज करत. आणि त्या तासाभरात जमलेल्या लोकांना शास्त्र समजावून सांगत. ते शास्त्र बिनचूक होतं, हे मान्य केलं पाहिजे. मोठं पातं एका अंगाला फिरलं की हेलिकॉप्टरचं धड दुसऱ्या अंगाला फिरू बघतं, म्हणून शेपटीला छोटं पातं. वर जायचं तर पात्यांचा वेग वाढवायचा नसतो, त्यांचा तिरकेपणा वाढवायचा. पुढे जायचं तर खालची तबकडी पुढे झुकवायची. डाव्या दांडीत दोन कामं, उजव्या दांडीत दोन कामं, आणि चारही एकाच वेळी. "मोटर म्हंजे मोटर," भाऊ शेवटी म्हणत, "तिले काय शिकाचं?"

उलंगवाडी झालेली, पऱ्हाटी उपटलेली, वावर मोकळं. पहिल्या उड्डाणाला गावातली निम्मी पोरं आणि कामं नसलेली सगळी मोठी माणसं आली. पातं फिरलं, धूळ उडाली, आणि हेलिकॉप्टर वीतभर उचललं. इथेच खरी गंमत आहे. नवशिक्याला वाटतं, जमिनीलगत राहिलं की धोका कमी. उलट आहे. पात्यांनी खाली ढकललेला वारा जमिनीवर आपटून परत येतो आणि यंत्र घसरू लागतं. तेवढ्यात एक पाय ढेकळाला अडला की सगळा जोर त्या पायाभोवती फिरतो आणि हेलिकॉप्टर आडवं. त्यापेक्षा कमरेइतक्या उंचीवर ते जास्त शांत असतं. पण कमरेइतकं उंच नेण्याची छाती पहिल्या दिवशी कोणाची होते? ढेकूळ आडवं आलं, पात्यांचे तुकडे चहूकडे गेले, आणि वावरात क्षणभर कोणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. चैत्रात काळी जमीन भेगाळते. त्या भेगा मनगट जाईल एवढ्या रुंद, आणि हेलिकॉप्टरचे स्क्रू दोन मिलिमीटरचे. पडलेला स्क्रू सरळ पाताळात. भाऊंनी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून भेगेत सोडला. तीन खिळे आणि वखराच्या पासेचा तुकडा वर आला, स्क्रू आला नाही.

पात्यांचा नवा जोड येईपर्यंत वाचन झालं. माणूस नेणारं हेलिकॉप्टर सिकोर्स्कीने १९३९ साली अमेरिकेत उचललं. पण रेडिओवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर धडपणे उडायला १९७० चं साल उजाडावं लागलं. जर्मनीच्या डिटर श्लूटर यांच्या हाती ते साधलं. उशीर एवढ्यासाठी, की लहान यंत्र झटकन कलतं आणि उडवणारा आत नसतो; आतल्याला कलणं अंगाला जाणवतं, बाहेरच्याला ते फक्त दिसतं आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. या माहितीने भाऊंना फार बरं वाटलं. जर्मनीला जर इतका वेळ लागला, तर वरवट बकालला एक हंगाम लागला तर काय बिघडलं!

त्यांना हेही सापडलं की सिकोर्स्कीने पहिल्यांदा हेलिकॉप्टर दोरीने जमिनीला बांधून उडवलं होतं. झालं. वावरात खुंटी ठोकली आणि सुतळी बांधली. सिकोर्स्कीची दोरी शेपटीच्या पात्यापासून लांब कशी राहिली असेल, याचा विचार भाऊंनी केला नाही. सुतळी गुंडाळली गेली. आयुष्यभर वायंडिंग केलेल्या माणसाने हवेत केलेली ती पहिली वायंडिंग. सुतळी सोडवायला त्यांना उडवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि खरं सांगतो, तेवढा वेळ ते अतिशय आनंदात होते.

घरून विरोध होताच. "कपाशीचे पैसे त्या भिंगरीत चालले," हे रोजचं. त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं: जपानात यामाहा कंपनीने १९८७ मध्ये फवारणीचं बिनमाणसाचं हेलिकॉप्टर काढलं, भातावर त्याने औषध मारतात, कास्तकाराच्या नाकातोंडात विष जात नाही. यवतमाळकडे २०१७ साली फवारणीने माणसं दगावली होती, ते सगळ्यांच्या लक्षात होतं, त्यामुळे हे उत्तर कोणी सहसा खोडत नसे. पण एकदा वहिनींनी कपाटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून पुढे ठेवलं. ऑगस्ट २०२१ ची बातमी. फुलसावंगीच्या एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बांधलं होतं. जमिनीवर चालवून बघताना शेपटीचं पातं तुटलं, मोठ्या पात्यावर आदळलं आणि त्याचा जीव गेला. भाऊंनी कात्रण दोनदा वाचलं. उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वावरात चुन्याची रेघ आली, रेघेच्या आत पोरांना बंदी झाली, आणि भाऊ स्वतः मोटरसायकलचं हेल्मेट घालून उभे राहू लागले. ते हेल्मेट त्यांनी मोटरसायकलवर आजतागायत घातलेलं नाही.

मग खामगावला शिकणाऱ्या एका पोराने सांगितलं की आधी कॉम्प्युटरवर शिकायचं असतं. पडद्यावर हेलिकॉप्टर, हातात तोच रिमोट, पडलं तर एक बटण दाबायचं. वहिनींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी जुना कॉम्प्युटर स्वतः पुसून दिला. भाऊ मात्र आठ दिवसांत कंटाळले. "जिथी रुपया जात नाई, तिथी अक्कल येत नाई." तरी बोटं तिथेच वळली. दांडी ढकलायची नसते, चिमटीत धरून केसभर हलवायची असते. आणि हललं की लगेच उलट हलवून थांबवायचं असतं. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला केसभर काहीही करणं किती जड जातं, ते बघण्यासारखं होतं.

पुढचा घाट तोंडाचा. शेपूट आपल्याकडे असली की हेलिकॉप्टरचं उजवं ते आपलं उजवं. औत हाकताना माणूस बैलांच्या मागेच चालतो, तसं. पण तोंड आपल्याकडे फिरलं की डाव्याचं उजवं होतं आणि सावरायला गेलेला हात त्याला आणखी पाडतो. रेघेबाहेरची मंडळी ओरडत, "डाव्या अंगाले घ्या भाऊ!" भाऊ हेल्मेटमधून ओरडत, "कोनाच्या डाव्या?" या प्रश्नावर लोकांचं आपसात भांडण जुंपे आणि तोवर पात्यांचा आणखी एक जोड संपलेला असे. एका म्हाताऱ्या कास्तकाराने मत दिलं, "मी साठ वर्सं औत धरलं, बैल माह्याकडं तोंड करून कधी चालला नाई. जो चालन तो मारकाच." भाऊंनी हे मत त्याच दिवशी आपलं म्हणून दुकानात सांगायला सुरुवात केली.

पेरणी आली, खेळ बंद पडला. कपाशी उभी असताना शेजारच्या वावरात फवारणीचा ड्रोन आला. बचत गटाची एक पोरगी चालवत होती. सरकारी योजनेतलं दोन आठवड्यांचं प्रशिक्षण झालेलं. बटण दाबलं की आपोआप उचलायचा, सरळ रेषेत जायचा, तिने हात काढून ओढणी सारखी केली तरी उपग्रहाच्या भरवशावर जागचा हलत नव्हता. गावाने टाळ्या वाजवल्या. भाऊ धुऱ्यावर उभे राहून पूर्ण फवारणी बघत होते. शेवटी म्हणाले, "हात सोडल्यावरबी जे पडत नाई, त्याले उडवनं म्हन्त नाई." मग जवळ गेले, तिला ताई म्हणून हाक मारली आणि मोटारीला बेअरिंग कुठलं आहे ते विचारलं. तिने माहीत नाही म्हणून सांगितलं. इतक्या सहज ते बोलता येतं, याचं भाऊंना नवल वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

दिवाळीनंतर, थंडीतल्या सकाळी, वारा अजिबात नसताना ते जमलं. हेलिकॉप्टर छातीइतकं वर गेलं आणि थांबलं. मागे सातपुड्याची निळी रेघ आणि तिच्यापुढे ते यंत्र, एका जागी. भाऊंच्या दोन्ही अंगठ्यांची अखंड हालचाल चालू होती. कपाळावर त्या गारठ्यात घाम. हवेत एका जागी उभं राहणं हेच यातलं सर्वांत अवघड काम, हे त्यांनी उन्हाळाभर सांगितलं होतं. प्रेक्षक एक मिनिट थांबले, दोन मिनिटं थांबले.

"बिघडलं वाटते," मागून एक जण म्हणाला. "हालूनच नाई रायलं."

"चाल मंग. वेचनीले बाया आल्या असतीन."

आणि लोक निघून गेले. भाऊंनी बॅटरी संपेपर्यंत ते तसंच धरलं, हळूच उतरवलं, हेल्मेट काढलं. पाठीमागे मी आणि एक शेळी. म्हणाले, "पाह्यलं ना?" मी पाह्यलं म्हणालो.

त्यानंतर गावाची गर्दी कमी झाली आणि ते भाऊंना फारसं आवडलं नाही. आता त्यांनी तोंड आपल्याकडे करून थांबवायचा सराव घेतलाय, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी. गर्दी पुन्हा वाढते आहे. पात्यांच्या चार जोड्या मागवल्या आहेत, पार्सल शेगावपर्यंत येऊन पडलंय. त्या बाजूला कोणी जाणार असेल तर येताना घेऊन यावं, आणि घरी न देता दुकानावर द्यावं, असा भाऊंचा निरोप आहे.