मांडीवर न बसणारा नरसिंह

ना धड नर, ना धड सिंह अशा अवताराची परंपरा आपल्याकडे पुरातन असल्यामुळे, मायक्रोसॉफ्टने २०१२ साली सरफेस बाजारात आणला तेव्हा टॅब्लेट आणि लॅपटॉप यांच्या त्या संकरापुढे आम्ही बोरिवलीकरांनी हात जोडले, यात नवल नाही. २०१८ च्या सरफेस गोचा पडदा १० इंची, वजन अवघे ५२२ ग्रॅम, म्हणजे भाजीच्या डब्याशेजारी पिशवीत मावणारा. हे गुण निर्विवाद होत. परंतु हे वजन कीबोर्ड वगळून, आणि किंमतही कीबोर्ड वगळूनच; हुंडा नको म्हणावे आणि मानपान वेगळा मागावा, तद्वत. शिवाय मूळ नरसिंहाने आपले कार्य मांडीवरच सिद्धीस नेले. या कलियुगीन अवताराचा टेकू मात्र सपाट मेजाची अपेक्षा धरतो, आणि चर्चगेट लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धी मांडीच काय ती आपल्या मालकीची असते. सबब, उभ्याने वाचण्यास उत्तम, बसून लिहिण्यास मध्यम, आणि ज्याला अंधेरीपर्यंत बसायलाच मिळत नाही त्या उपनगरवासीयास सर्वथा योग्य, असा निवाडा देऊन हे प्रकरण दप्तरदाखल करण्यात येत आहे.