बोळेकाका

शास्त्री नगरात मी ज्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो, तिथे मिसळणाचे दोन डबे आहेत. एक ओट्यावर, काकूंचा. दुसरा बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी. त्याला काकूंनीही हात लावायचा नाही. झाकण काढलं की सात वाट्या. मोहरीच्या वाटीत सर्वांत लहान मापाच्या करड्या रबरी टोप्या, जिऱ्याच्या वाटीत मधल्या, धन्याच्या वाटीत मोठ्या. हळदीच्या वाटीत फोमच्या. त्या मुळात काळ्या होत्या, आता कडेने पिवळसर दिसतात. मधल्या वाटीत कापसावर दोनच जोड. "त्या जपानच्या," असं काका आवाज खाली आणून सांगतात.

इअरफोनच्या तोंडाशी असतात ना, कानात जातात त्या टोप्या? त्याच या. विकत घेतलेल्या इअरफोनच्या खोक्यात दोन-तीन मापांच्या जास्तीच्या येतात. तुम्ही-आम्ही आधीच बसवलेली जोडी वापरतो आणि उरलेल्या खोक्यासकट रद्दीत देतो. काका त्यांना 'टिप' म्हणतात, काकू 'बोळे' म्हणतात. जयपुरातल्या मराठी मंडळींनी काकूंचा शब्द उचलला आणि काकांचं आडनाव विस्मरणात गेलं.

आवाजाच्या वेड्यांची ही जात नवी नव्हे. हाच गृहस्थ पूर्वी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. त्याच्याही आधी कौलांवर उभा राहून अँटेना फिरवत "आता?" असं ओरडायचा, आणि खालून "होतं तेच बरं होतं" असं उत्तर यायचं. आता अँटेना गेली, कॅसेट गेली, उरले स्वतःचे दोन कान. मग त्यांचीच दुरुस्ती चालते.

काका मूळचे कोल्हापूरचे. बँकेच्या बदलीने जयपूरला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब १८५५ साली इकडे उणियाऱ्यात जन्मले आणि पुढे शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरला गेले. म्हणजे जयपूर घराणं कोल्हापुरात आणि कोल्हापूरचे काका जयपुरात. "फिटंफाट," काका म्हणतात. त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. हे सांगताना आपली छाती फुगते, काकांच्या कपाळाला आठी पडते. "पाठवली खरी. पण तिकडच्यांच्या कानाचं माप कुणी घेतलंय?"

खोली बघायला आलो त्या दिवशी काकांनी माझं तोंड पाहिलंच नाही. गळ्यात लोंबणारे इअरफोन पाहिले आणि विचारलं, "दोन्हीकडे एम?"

मी हो म्हणालो. भाडं, पाणी, मोटार कधी लावायची, सगळं राहिलं बाजूला.

"अरे, डावा आणि उजवा हे सख्खे कान नसतात. चुलत असतात. एकाच मापाचे बूट दोन्ही पायांना चालतात म्हणून कानांनाही चालतील, असं नाही."

मग डग्ग्याची परीक्षा झाली. काकांकडे तबल्याचं एक जुनं ध्वनिमुद्रण आहे, तेवढ्या एका कामासाठी राखून ठेवलेलं. मी ते माझ्या टोप्यांनी ऐकलं. चाट स्वच्छ, टणटणीत. डग्गा मात्र कुणी पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटावीत तसा. काकांनी धन्याच्या वाटीतून एक टोपी काढली, माझ्या उजव्या इअरफोनच्या नळीवर चढवली आणि म्हणाले, "आता ऐक." डग्ग्याचा घुमारा पोटातून वर आला. गाणं तेच, यंत्र तेच, आवाजाचं बटण कुणी हलवलेलं नाही. मी दचकून काकांकडे पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर नवस फेडून आलेल्या माणसाचं समाधान.

"कुकरची रिंग सैल असली तर शिटी होते का? नाही. तसंच आहे. इअरफोनचा पडदा केवढासा! त्याने हलवून हवा ती किती हलणार? ती कानात कोंडली तर खर्ज ऐकू येणार. टाचणीएवढी फट राहिली तरी खर्ज तिथून पळतो. तार सप्तक राहतं. म्हणून लोक म्हणतात, इअरफोनला बेसच नाही. बेस होता रे, गळून गेला."

काका डोकं खातात हे खरं. चूक बोलत नाहीत, ही त्यातली अडचण.

त्यानंतर मी वर्षभर शिकवणीला आहे. टोपीचं भोक रुंद असलं की आवाज लख्ख येतो, अरुंद असलं की टोकं जरा बोथटतात. फोम तार स्वर थोडे शोषून घेतो. सतारीची धार ज्यांना टोचते त्यांनी तो घालावा. दुमजली आणि तिमजली रबरी टोप्या खोल जातात. तिमजलीचा मान मोठा, कारण १९९१ साली अमेरिकेत एटिमोटिक कंपनीने काढलेल्या ईआर-४ नावाच्या इअरफोनबरोबर ती यायची. जयंती मार्केटात एक दुकानदार काचेच्या बरणीतून या टोप्या मुठीने काढून देतो. "पाँच रुपये जोड़ी, बाऊजी, सब एक ही है," असं तो एकदा म्हणाला. काका तिथून परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

फोमची टोपी घालणं हा एक विधी आहे. देवापुढची वात वळतात तशी ती अंगठा आणि तर्जनीत बारीक वळायची. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, वळलेली टोपी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत तिथेच दाबून धरायची. रोज सकाळी स्वतःचा कान स्वतः धरून उभा राहणारा दुसरा निवृत्त अधिकारी मी पाहिलेला नाही. जयपूरच्या थंडीत फोम कडक होतो आणि फुगायला वेळ लावतो. जानेवारीत काका तो आधी बगलेत धरतात. त्यावर काकूंचं मत छापण्यासारखं नाही.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक म्हातारी झालेली टोपी नळी सोडून कानातच राहिली. काकूंनी केसांचा आकडा पुढे केला, काकांनी नशिबाने तो नाकारला, आणि आम्ही रिक्षाने कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिमट्याने ती अलगद काढली आणि पायाने बादलीचं झाकण उघडलं. तपासणीच्या खुर्चीतून काका ओरडले, "फेंकिए मत, डॉक्टर साहब! जोड़ी टूट जाएगी!"

अशा घट्ट टोप्यांचा एक जाच आहे. कान बुजला की आपलाच आवाज आपल्याला मडक्यात बोलल्यासारखा येतो. चिवडा खाल्ला तर खडीवरून ट्रक गेल्याचा भास. म्हणून काका गाणं ऐकताना खात नाहीत आणि खाताना ऐकत नाहीत. काकूंच्या मते दुसऱ्या वाक्याला टोपीची गरजच नाही.

यंदाच्या संक्रांतीला काकांनी तिमजलीची खरी परीक्षा लावली. १४ जानेवारीला जयपूर गच्चीवर राहायला जातं. प्रत्येक गच्चीवर पतंग, तिळपट्टी, फीणी आणि घरातला सर्वांत मोठा स्पीकर. आमच्या उजवीकडे एक गाणं, डावीकडे दुसरं, मधून "वो काटा!" काका खुर्ची टाकून, दोन्ही कानांत तिमजली ठासून, किशोरीताईंचं गाणं ऐकत बसले. तासाभराने मला खुणेने बोलावलं आणि अहवाल दिला, जरा मोठ्यानेच: पिपाण्या गेल्या, आरोळ्या गेल्या, चिरके आवाज सगळे गेले. डीजेचा धबधबा मात्र राहिलाय.

"जाड आवाज टोपीला जुमानत नाही. त्यातून हा जमिनीतून, खुर्चीतून, हाडांतून येतो. हाडाला टिप कुठून आणायची?"

शेजारच्या नातवाने आपले आवाज मारणारे इअरबड दाखवले. ते नेमका हाच धबधबा कमी करतात. काकांनी एक कानात घालून पाहिला, मान हलवली आणि लगेच काढून त्याच्या टोपीचं माप बघितलं. "फट आहे. मग यंत्र काय करणार?"

तेवढ्यात काकू तिळगुळाची वाटी घेऊन वर आल्या. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. काकांनी हसून मान डोलावली, एक लाडू तोंडात टाकला आणि चावला. चेहरा असा झाला की जणू कानातच कुणी तीळ भाजले. त्यांनी घाईघाईने दोन्ही तिमजल्या उपटल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.

"काय म्हणत होतीस?"

"तीन दिवस सांगतेय. कुकरची रिंग सैल झालीय, वाफ बाजूने जाते, शिटी होत नाही."

काका खुर्चीत सरळ बसले.

"माप काय?"